कवीचा जिवलग मित्र

पुतळ्यावरचा पडदा अजून तसाच होता आणि संपादक क्रॉफर्डचं भाषण काही आवरत नव्हतं. पहिल्या रांगेत हेस्टर मुठी आवळून ऐकत होती. अमेरिकेतल्या त्या बंदरगावात आज तिच्या भावाच्या कवितांचा, गोष्टींचा उदोउदो चालला होता. वीस वर्षांपूर्वी तो धर्मादाय इस्पितळात वारला, तेव्हा याच क्रॉफर्डनं छापलं होतं, "एक दारुडा गेला, गाव सुटलं."

"तो माझा जिवलग मित्र!" क्रॉफर्डनं डोळ्यांना रुमाल लावला. "त्याला मूठमाती देताना माझं काळीज फाटलं हो!"

हेस्टर उठली. "साहेब, त्याला पुरलं तेव्हा आम्ही तिघंच होतो. मी, पाद्री आणि खड्डा खणणारा. यांतले तुम्ही कोण?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळं मैदान हसू लागलं. क्रॉफर्डला आपली खुर्ची सापडेना.

हेस्टरनं स्वतःच पडद्याची दोरी ओढली. हयातीत नुसता हाडांचा सापळा असलेला भाऊ पुतळ्यात चांगला गुबगुबीत झाला होता.

"मेल्यावर बरं बाळसं धरलंस रे," ती म्हणाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रडली.