आजारी ओळ

आपल्या माणसाचा न्याय करणे हे परक्याचा न्याय करण्याहून कठीण असते. तिथे ममतेचे भय असते, आणि ममता नाकारल्याच्या अहंकाराचे भय त्याहून मोठे असते. यंत्रशास्त्राच्या निवृत्त आचार्यांपुढे ही दोन्ही भये तीन प्रस्तावांच्या रूपाने एकाच टेबलावर पडली होती.

विद्यापीठाची संशोधनवृत्ती एकाच प्रस्तावाला मिळणार होती. तिला वयाची वा पदवीची अट नव्हती. प्रस्तावांवर केवळ क्रमांक होते. नावे एकट्या कुलसचिवांना ठाऊक. ठरलेले परीक्षक आजारी पडल्याने हे काम ऐनवेळी आचार्यांकडे आले होते.

ही बातमी त्यांनी घरी सांगितली, तेव्हा चहा ओतता ओतता पत्नीने किटली खाली ठेवली. सारे आयुष्य शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना गावात आणि घरातही सगळे बाईच म्हणत, आचार्यसुद्धा.

"तुम्हीच?" बाईंनी विचारले.

"का? माझी अक्कल गहाण पडली आहे का?"

"तसं नाही हो. आपली लेक आहे ना त्यात."

"तेच सांगून नाही म्हटलं होतं. कुलसचिव म्हणाले, या गावात कुणाचं ना कुणाचं कुणीतरी असणारच. नावं झाकली आहेत, तुम्ही फक्त वाचा."

बाईंनी किटली पुन्हा उचलली. "मग वाचा," एवढेच त्या म्हणाल्या.

पहिला प्रस्ताव जमिनीखालच्या नळांची गळती आवाजावरून ओळखणाऱ्या यंत्राचा होता. आचार्यांच्याच शास्त्रातला. मांडणी नेटकी होती, पण कल्पना जुनी.

दुसरा होता पिकांवरच्या तांबेरा रोगाला दाद न देणारे जनुक शोधण्याचा. त्याचे तिसरे पान उलटताना आचार्यांचा हात थबकला. तिथे 'आजारी ओळ' असे शब्द होते.

त्यांची कन्या वनस्पतिरोगांची अभ्यासक होती. कधीकाळी याच घरी, जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून, तिने आईवडिलांना समजावले होते, "चिवट रोपांच्या मधोमध हमखास रोग पकडणारी एक ओळ मुद्दाम लावायची. ती आजारी पडली, तरच बाकीच्यांचं निरोगीपण खरं. तीही टवटवीत राहिली, तर समजायचं की रोग शेतात आलाच नव्हता." त्या ओळीला 'आजारी ओळ' हे नाव तिनेच ठेवलेले, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते त्यांनी कधी ऐकले नव्हते. आणि वृत्ती मिळाली नाही, तर तिचे प्रयोगाच्या रोपांचे काचगृह या हंगामानंतर बंद होणार, हेही त्यांना ठाऊक होते.

जड मनाने त्यांनी तिसरा प्रस्ताव उघडला. सकाळच्या प्रार्थनेला भोवळ येऊन पडणाऱ्या किशोरवयीन मुलींचा तो अभ्यास होता. भाषा साधी, जवळजवळ कोरडी. 'उपाय लागू पडला की नाही हे सरासरीवरून ठरवू नये. ज्या वर्गात सर्वांत अशक्त मुली आहेत, तिथे आधी पाहावे. तो वर्ग उभा राहिला, तरच उपाय खरा.' हा विचार कुठेतरी ओळखीचा वाटला; पण कुठे ऐकला, ते त्यांना आठवेना. ते वाचून त्यांनी चष्मा काढला आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"नुसतं ताट चिवडताय," संध्याकाळी बाई म्हणाल्या.

"बाई, लेकीचा प्रस्ताव ओळखला मी."

"मला सांगू नका. नियम आहे ना?"

"उत्तम आहे गं. पण त्याहूनही उत्तम एक आहे. कुणी डॉक्टर असावा. विलक्षण माणूस!"

"माणूस?"

"का?"

"काही नाही. पाणी देऊ?"

"पोरीचं काचगृह बंद पडेल."

बाईंनी त्यांच्या ताटाशी पाण्याचा पेला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तर मग तिलाच द्या."

आचार्य चमकले. "हे तू बोलतेस? पोटच्या मुलीला अर्धा गुण वाढवून दिला नाहीस, वर्गात नापास केलंस, ती तू?"

"म्हणूनच सांगते, या बाबतीत माझा शब्द धरू नका." आणि ताट उचलून त्या आत गेल्या.

तेवढ्यात कन्येचा फोन आला. "बाबा, परीक्षक तुम्ही आहात हे आईकडून कळलं. माझा प्रस्ताव ओळखलात ना? मग तो विसरा. हरले तर रडेन जरा, आणि मग जेवेन. पण तुम्ही खोटं बोललात, तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

आचार्यांनी फोन खाली ठेवला. असे अपत्य आपल्या घरी वाढले, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी तिन्ही प्रस्ताव पुन्हा वाचले आणि निकालपत्रावर सही केली.

निकालाच्या दिवशी सभागृह भरले होते. तिथली रीत अशी की, नाव पुकारायचे नाही. परीक्षकाने क्रमांक सांगायचा. ज्याचा असेल त्याने जागच्या जागी उभे राहायचे. मग परीक्षकाने त्याला एका वाक्यात आशीर्वाद द्यायचा. आचार्यांनी वाक्य घोकून ठेवले होते: तुमचं कार्य सिद्धीस जावो.

कन्या पहिल्या रांगेत होती. बाई सवयीप्रमाणे अगदी मागच्या बाकावर, जिथून सारा वर्ग दिसतो.

"क्रमांक तीन," आचार्य म्हणाले. पहिल्या रांगेकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी दचकून पाहिले. कन्याच उभी राहिली होती. पण तिने व्यासपीठाकडे पाठ फिरवली, आणि डोळे पुसत, सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून ती टाळ्या वाजवू लागली.

शेवटच्या बाकावर बाई चष्मा सावरत उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचं..." आचार्य म्हणाले, आणि थांबले. मग आवाज सावरून त्यांनी वाक्य पुरे केले, "दोघींचं कार्य सिद्धीस जावो."