मिथुन घरी आला

शेवटची मॅच खेळून मिथुन घणसोली गावातल्या घरी कायमचा परतला. उमेदीची सारी वर्षं क्लबांसाठी फुटबॉल खेळण्यात गेली होती. आता बाबांजवळ राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण सगळं विसरत चाललेले बाबा त्याच्याकडे परक्यासारखे बघायचे. त्याने घास पुढे केला की तोंड फिरवायचे आणि धाकट्या विपुलच्या हातून तोच भात मुकाट्याने खायचे. ते बघून मिथुनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा जेवणाच्या वेळी त्याला राहवलं नाही. "मी तिकडे घाम गाळत होतो आणि तू इथे बसून बाबांना आपलंसं करून घेतलंस. मजा आहे तुझी!"

विपुलने बाबांचं तोंड पुसलं. बाबांनी त्याचा हात धरून कौतुकाने विचारलं, "मिथुन, आज कोन जिकला रं?"

"आमीच जिकलो, बाबा," विपुलने सांगितलं.

मग ताट उचलता उचलता विपुल हळूच म्हणाला, "विपुल कुठंय, असं त्यांनी अजून एकदाही विचारलं नाही, दादा."