पेटलेलं पाणी

"साऱ्या बत्त्या मालवा!" मोतीराम तांडेल गरजला, तसे होडीवरचे खलाशी चरकले. संध्याकाळी जाळं सोडताना ह्याचा पोरगा समुद्रात पडला, आणि हा अंधार करायला सांगतोय?

"पाणी पेटलंय आज. नुसता हात हलला तरी उजळतंय. हरेश पोहत असंल तर अंधारातच दिसंल."

बत्त्या मालवल्या. मोतीराम डोळ्यांत प्राण आणून पाण्याकडे बघत राहिला. ना धग, ना धूर, असल्या ह्या निळ्या उजेडाच्या मागानंच त्यानं जन्मभर मासळी पकडली होती.

तेवढ्यात लांबवर पाणी उजळलं. उजेड माणसाएवढा होता आणि सारखा हलत होता.

"जिवंत हाय माझा पोर!" मोतीरामला रडू फुटलं. "हरेश, दम धर रे, आलो!"

होडी जवळ गेली. हरेश जाळ्याच्या बोयांत अडकून पालथा तरंगत होता. त्याचे हात हलतच नव्हते. हलत होती ती त्याच्या अंगाला झोंबलेली मासळी.

"बत्ती लावा रे," मोतीराम कसाबसा म्हणाला.

कुणाचाच हात पुढे होईना.