सविताच्या लॉगिनवर

“सविता, आवाज येतोय ना?” पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

“मॅडम, मी हुमेरा,” ती म्हणाली. “सविताताईंनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी मी आहे.”

रेणुका मॅडम हसल्या. चेहरा प्रेमळ होता, आवाजही. “पहिल्या भेटीत तू हेच म्हणालीस. आणि चांगली रडलीस. आज रडायचं नाही हं.”

हुमेरा तर त्यांना आज पहिल्यांदाच भेटत होती. मीटिंगरूममध्ये ती एकटीच होती. बाहेर भर दुपारी धुकं इतकं खाली उतरलं होतं, की समोरचं हॉटेल, त्याची पाटी, कुसगावचा रस्ता, काहीच दिसत नव्हतं.

आयटीतल्या बायकांना वर आणण्यासाठीचा हा मेंटॉरिंगचा कार्यक्रम. सहा महिने रेणुका मॅडमसारखी एक अनुभवी बाई हाताला धरून शिकवणार, आणि जी तो पूर्ण करील तीच टीम लीड, असं मालक सुहास सरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. हॉटेलांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या या छोट्या कंपनीला त्यात एकच जागा होती आणि ती सविताच्या नावावर. “तिच्या लॉगिनने बस,” सर म्हणाले होते. “नाव मागाहून बदलू. आत्ता कळवलं तर जागाच जाईल.” यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर हुमेरालाही नाही. या ऑफिसात गेलेल्या माणसाचं लॉगिन कधी बंदच होत नसे. नव्याला जुन्याच्या नावाने कामाला जुंपायचं, ही इथली रीतच. प्रिंटर अजून कुणा दत्तोबाच्या नावावर चालायचा. दत्तोबा कोण, ते प्रिंटरलाच ठाऊक.

पण आज तिला स्वतःचं नाव हवं होतं. आजवर तिचं काम दुसऱ्यांच्या नावाने वर जात आलं होतं. हुमेरा फिरोज शेख हे नाव एकदा तरी मोठ्या माणसांच्या कानावर पडावं, म्हणून तर ती इथे बसली होती.

“मॅडम, तुम्ही माझ्याकडे बघताय ना? मी सविताताईंसारखी दिसते का?”

“केस कापलेस. छान दिसतात.”

हुमेराचा हात वेणीवर गेला. वेणी जागच्या जागी होती. तिने जन्मात केस कापले नव्हते.

दार ढकलून बयाबाई चहा घेऊन आल्या. हुमेराला एवढं हायसं वाटलं, की तिने त्यांचा हातच धरला. “मावशी, यांना सांगा ना, मी कोण ते.”

बयाबाई पडद्याशी वाकल्या. “आवो बाई, ही हुमेरा. देहूरोडवरनं येती. लय गुणाची पोर हाय आमची.”

“नमस्कार मावशी,” मॅडम म्हणाल्या. “मागच्या वेळीही तुम्हीच चहा आणला होता. तेव्हाही हेच सांगितलंत.”

बयाबाईंनी कप टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला. “म्या ह्या बाईफुडं कवाच आले न्हाई,” त्या हुमेराला हळूच म्हणाल्या. “ऊठ पोरी. बंद कर ह्ये.” आणि पदर सावरत बाहेर गेल्या.

“चल, वेळ जातोय,” मॅडम म्हणाल्या. “नियम ठाऊक आहे ना? आधी पूर्ण नाव सांगायचं, मग काय व्हायचंय ते. बोल.”

“मी हुमेरा फिरोज शेख. मला...”

“नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “या जागेवर सविता आहे. सविता नसेल तर जागा रिकामी धरतात आणि रिकामी जागा दुसऱ्या कंपनीला जाते. मग लीड दुसरंच कुणी होईल. सहा महिने तर आहेत, बाळ. तेवढ्यासाठी अडून बसतेस?”

मोह झाला नाही असं कसं म्हणावं? एका शब्दाचं तर काम होतं. हुमेराने ओठांवर तो शब्द आणलासुद्धा. पण तो शब्द तिने तसाच गिळला.

“मला नाही जमणार, मॅडम.”

रेणुका मॅडमनी मागे वळून कुणी नाही ना, हे पाहिलं. मग त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या. आवाज खाली आला.

“घाबरू नकोस. सवय होते. मी तरी कुठे रेणुका आहे? त्या कधीच सोडून गेल्या. मला सांगितलं, त्यांच्या लॉगिनने बस, नाव मागाहून बदलू.”

“मग तुमचं नाव काय?”

सांगण्यासाठी बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. माईक बंद पडला असेल, असं हुमेराला वाटलं. पण बाईंच्या मागच्या पंख्याची घरघर स्वच्छ ऐकू येत होती. त्यांच्या खुर्चीची करकरही येत होती. बाईंचे डोळे मोठे होत गेले. किल्ली हरवल्यावर माणूस घरभर शोधतं, तशी त्यांची नजर इकडून तिकडे फिरत होती.

हुमेराने लॅपटॉप खाडकन मिटला. खोलीत आता कुणीच नव्हतं. ऐकायला कुणी नसलं तरी चालेल, म्हणून आपलं नाव मोठ्याने घ्यायला तिने तोंड उघडलं.