दिव्याच्या खांबामागची डबी

माणूस पुन्हा बुटाची नाडी बांधायला बसला. बागेत एवढी बाकं रिकामी, पण हा बसला तो दिव्याच्या खांबाला खेटून. समोरच्या बाकावर बाईंनी श्वास रोखला. आता हात मागं जाईल, आता डबी निघेल. माणसानं मान वर केली, बाईंकडं पाहिलं आणि उगाच शीळ घालत चालू लागला.

“गेला मेला!” बाई म्हणाल्या.

“नाडी बांधायला आला, बांधली, गेला,” शेजारी बसलेला नवरा म्हणाला. “तुझ्या कोड्याशी त्याचं काय घेणं?”

बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन घरात येरझाऱ्या घालू लागल्या, तेव्हा परगावच्या मुलीनं हा खेळ शिकवला. एक डबी कुठंतरी दडवायची. जागेचं कोडं इंटरनेटवर टाकायचं. ज्याला सुटेल त्यानं यावं, आतल्या कागदावर सही करावी आणि डबी होती तिथं ठेवावी. बाईंनी कोडं सांगितलं, नियम सांगितले, मुलीनं ते तिथं टाकलं. तेव्हापासून बाई रोज दुपारी बाग उघडली की या बाकावर येऊन बसत, ते पार फाटक बंद होईपर्यंत.

पहिल्या कोड्यात बागेतली निम्मी झाडं खोटं बोलत होती. कुणालाच डबी सापडली नाही. अवघड झालं असेल, म्हणून बाईंनी झाडं कमी केली. मग आणखी कमी केली. आता तिघंच उरले होते. फाटक म्हणतं, डबी कारंज्यापाशी आहे. कारंजं म्हणतं, माझ्यापाशी नाही. खांब म्हणतो, माझ्यापाशी नाही. तिघांतला एकच खरं बोलतो. डबी कुठं?

“याहून सोपं करशील तर खांबावर पाटीच लावावी लागेल,” नवरा म्हणाला.

“लोकांनी डोकी गहाण टाकलीत, दुसरं काय!”

बागेत रिकामटेकडे मात्र वाढले होते. एक लठ्ठ बाई कधीच न दिसणाऱ्या मांजराला हाका मारत खांबाभोवती घिरट्या घालायची. एक जोडपं येऊन खांबाचेच फोटो काढायचं. बाई चष्मा पुसून एकेकाला न्याहाळायच्या आणि हळहळायच्या.

त्यांना बक्षीस द्यायचं नव्हतं की नाव कमवायचं नव्हतं. वर्गात पोरं एकमेकांच्या वहीत डोकावून उत्तरं उतरवायची. कोडं स्वतःच्या डोक्यानं सुटलं की माणसाचा चेहरा कसा उजळतो, तो एकदा, फक्त एकदा, त्यांना डोळे भरून बघायचा होता.

“मोबाइलमध्ये बघा ना हो परत.”

“रोज बघतो की. ‘सापडली’च्या पुढं शून्य.” नवऱ्यानं तरी मोबाइल काढला. बोट भलतीकडं पडलं आणि कधी न पाहिलेलं पान उघडलं. “अगं, इथं खाली लोकांनी काय काय लिहून ठेवलंय!”

“शिव्या असतील. वाचा.”

नवऱ्यानं मोबाइल लांब धरला. “‘कोडं भन्नाट. बसमध्ये सुटलं, तेव्हा मी ओरडलोच, सगळी बस माझ्याकडं बघायला लागली.’”

बाई बाकावर पुढं सरकल्या. “मग डबी का नाही काढली बावळटानं?”

“‘तुमचा नियम आहे, कुणाला आयतं उत्तर मिळू नये म्हणून कुणी बघत असताना डबीला हात लावायचा नाही. मी कितीदा आलो. पण समोरच्या बाकावर एक आजी चष्मा लावून टक लावून बसलेल्या असतात. हलतच नाहीत.’ खाली बाकीच्यांनीही हेच लिहिलंय. आणि हे आत्ताचं. ‘फाटकाबाहेर उभा आहे. त्या आजी घरी कधी जातात, कुणाला माहीत आहे का?’”

नवऱ्यानं ओठ घट्ट मिटून हसू आवरलं.

“काय उत्तर देऊ याला?”

बाईंनी चष्मा काढून पिशवीत टाकला, पिशवी उचलली आणि त्या उठल्या.

“लिहा, आत्ताच गेल्या.”