अंधारातली गोळी

अण्णांचं तेरावं झालं, तशी वैजयंतीने खिडकीतली त्यांची गोळ्यांची डबी आवरायला घेतली. महिन्याभराच्या कप्प्यांची ही पारदर्शक डबी तिनेच आणली होती. सासऱ्यांना कमी दिसायचं. ती उन्हात ठेवली, म्हणजे गोळी घेतली की राहिली ते त्यांना लांबूनही कळे.

उरलेल्या गोळ्या पिवळ्या पडल्या होत्या. पाकिटातल्या मात्र पांढऱ्याशुभ्र.

औषध कंपनीत तिचं कामच हे होतं: एक गोळी उजेडात, तिची जोडीदार कागदात गुंडाळून अंधारात, आणि कुठलीत किती औषध टिकलं ते तपासायचं. दुसऱ्या दिवशी तिने घरी न सांगता डबीतली एक आणि पाकिटातली एक गोळी तपासणीच्या यंत्राला लावली.

"अंधारातली पूर्ण टिकलीय," शेजारच्या टेबलावरचा कामत आकडे वाचत म्हणाला. "उजेडातलीत निम्मंसुद्धा औषध नाही. मॅडम, रक्तदाबाची गोळी अशी उन्हात कोण ठेवतं?"

तिने अहवालाची घडी करून तो पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी सासूबाई ती रिकामी डबी पदराने पुसत बसल्या होत्या. "दोन वर्षांत एक गोळी चुकली नाही गं त्यांची, तुझ्या या डबीमुळे. पक्षाघात यायचा तो आलाच. पण तू काही कमी केलं नाहीस हो."

वैजयंतीने पर्समधल्या अहवालावर आणखी एक घडी घातली.

"तिन्हीसांज झाली. दिवा लाव बाई."

"असू दे, आई," ती म्हणाली, "अंधारच असू दे जरा."