हिरवं पाकीट

गाडीची बॅटरी चार्ज व्हायला लागली. पण ते झालंच नाही असं समजून सुरुवातीपासून सांगतो.

बाबांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. आमच्या ताइनानमध्ये माणसाने शेवटचा श्वास घरीच घ्यायचा असतो, आणि बाबांना अॅम्ब्युलन्स नको, स्वतःची टॅक्सीच हवी होती. टॅक्सीत बॅटरीचा लाल दिवा लागलेला. गॅरेजवाल्या लिआओ उस्तादांनी पट्टा बदलला, अल्टरनेटर नवा बसवला, वायरी तपासल्या. तरी इंजिन चालू असताना मीटर बारा व्होल्टच्या वर जाईना.

"गाडीतलं पोंग्यांचं हिरवं पाकीट कुठाय?" उस्तादांनी विचारलं.

"बाबांनी खाल्लं."

"यंत्राने नीट वागावं म्हणून त्याच्यापुढे ठेवलेलं पाकीट कुणी खातं का रे? मग ते रुसणारच! जा, दुसरं आण. हिरवंच हं. हिरव्याने यंत्रं शहाण्यासारखी वागतात, पिवळ्याने झोपतात. पिवळं आणलंस तर तुलाच बॉनेटखाली कोंबीन."

दुकानांत पिवळीच उरली होती. हिरवं एकच मला ठाऊक होतं, नर्सबाईंनी बाबांच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर ठेवलेलं. बाबा झोपले होते. मी ते थोड्या वेळासाठी उचललं. बॉनेटखाली ठेवलं आणि मीटर चौदावर गेलं. उस्ताद म्हणाले, "बघ! जा, घेऊन ये म्हाताऱ्याला."

मी पाकीट परत ठेवायला गेलो, तेव्हा नर्सबाई बंद पडलेल्या यंत्राच्या नळ्या गुंडाळत होत्या.



तरी आयुष्याची मुदत ठरवणाऱ्या देवांना नम्र विनंती, की सदर पाकिटाची मुदत मार्चपर्यंत शिल्लक असल्याने बाबांनाही तोवर मुदतवाढ मिळावी.